माय, फक्त घरात

माझे बाबा त्यांच्या आईला जन्मभर वहिनी म्हणाले. एकत्र घर होतं. धाकटे दीर तिला वहिनी म्हणायचे, ते ऐकून पोरंही वहिनी म्हणायला लागली आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. आजी गेली तेव्हा साठीला आलेले बाबा ‘वहिनी, वहिनी’ करत रडले. आमच्या ओळखीत अशी बरीच घरं होती. कुणी आईला काकू म्हणायचं, कुणी ताई, कुणी अक्का. हे एवढं सविस्तर सांगते आहे, कारण हा माझा लाडका मुद्दा होता. आमच्या मुलीने तिच्या दुसऱ्या आईला बाहेर काय म्हणावं यावरून घरात वाजलं, तेव्हा मी हाच मुद्दा वकिलाच्या थाटात मांडला आणि जिंकले. ते जिंकणं मला आजवर पचलेलं नाही.

आम्ही दोघी बायका आणि एक मुलगी, असं आमचं घर आहे. मुलगी माझ्या पोटची. तिच्या वडिलांशी माझा घटस्फोट झाला, जबल अलीच्या फ्री झोनमध्ये नोकरी मिळाली आणि चौदा महिन्यांच्या पोरीला घेऊन मी दुबईत उतरले. डिस्कव्हरी गार्डन्समध्ये भाड्याच्या फ्लॅटची एक खोली मिळाली. दुसऱ्या खोलीत ती होती. मूळची अकोल्याकडची, जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका कंपनीत ऑफिसांच्या, दुकानांच्या आतल्या सजावटीची ड्रॉइंग काढणारी. पहिले सहा महिने आम्ही रूममेट होतो. पुढे नव्हतो. भाडेकराराच्या कागदावर मात्र आजही आम्ही रूममेटच आहोत, कारण आम्ही जे आहोत त्याला इथे रकाना नाही. ते नुसतं कळलं तरी व्हिसा, नोकरी सगळं जाईल, आणि तिकडे मुलीचे वडील तिचा ताबा मागायला टपलेले. ही भीती खोटी नव्हती. पुढे जे मी केलं ते सगळं त्या भीतीच्या खात्यावर टाकता येत नाही, एवढंच.

‘माय’ हे नाव मुलीने स्वतः शोधलं. मी सकाळी सहाला कंपनीच्या बसने जायची ती संध्याकाळी उगवायची. पोरीला न्हाऊ घालणं, भरवणं, तापात मांडीवर घेऊन बसणं हे सगळं तिने केलं. ती रोज तिच्या आईला फोन लावायची आणि सुरुवात ठरलेली, “माय, जेवली का?” पोर शेजारी बसून ऐकायची. एक दिवस पोळपाटाजवळ उभी राहून पोर म्हणाली, “माय, जेवली का?” हे तिला उद्देशून होतं. तिने त्या दिवशी पोळी करपवली आणि करपलेलीच खाल्ली. तेव्हापासून मी आई आणि ती माय. इतकं सरळ झालं की आम्हाला त्यावर बोलावंसुद्धा लागलं नाही.

मुलगी तीन वर्षांची असताना एका शुक्रवारी आम्ही खालच्या सुपरमार्केटमध्ये होतो. आमच्याच बिल्डिंगमध्ये एक महाराष्ट्रीय काकू राहायच्या, डब्यांचा धंदा होता त्यांचा, आणि अर्ध्या डिस्कव्हरी गार्डन्सच्या बातम्या त्या डब्यांबरोबर पोचवायच्या. त्या भाजी निवडत होत्या. पोर ट्रॉलीतून ओरडली, “माय, मला उचल ना.” काकूंनी मान वळवली.

“अगंबाई, माय कोणाला म्हणते ही?”

“लाडाने हो, काकू,” मी म्हणाले. “ती मावशी ना तिची. त्यांच्याकडे म्हणतात तसं.”

“सख्खी मावशी?”

“हो, म्हणजे लांबची.”

सख्खी आणि लांबची एका दमात. काकू हसल्या आणि पुन्हा भेंडीकडे वळल्या. त्यांच्या डोक्यात कदाचित काहीही आलं नसेल. मी मात्र अर्धवट भरलेली ट्रॉली तशीच काउंटरकडे वळवली. घरी आल्यावर मी नियम केला. घरात माय, आणि लिफ्टचं दार उघडलं की मावशी.

तिने नकार दिला नाही. तो तिचा स्वभाव नाही. ती एवढंच म्हणाली, “लहान लेकरू आहे. तिले कसं समजावशील?”

मग मी आजीचं उदाहरण काढलं. वहिनी म्हटल्याने माझ्या बाबांची आई काय वहिनी झाली का? नावात काय ठेवलंय? प्रेम तर तेच राहतं ना?

“तुझे बाबा वहिनी म्हणायचे,” ती म्हणाली, “पण ती त्यांची आई आहे हे साऱ्या गावाले माहीत होतं.”

उत्तर नसलं की माझा आवाज चढतो, तसा तो चढला. शेवटी ती म्हणाली, “बरं, कर तुले करायचं ते.” यालाच मी जिंकणं म्हणते.

नियम शिकवायला मी फ्रिजवर तक्ता लावला. ज्या दिवशी बाहेर एकदाही चूक नाही, त्या दिवशी एक चांदणी. दहा चांदण्या झाल्या की आइस्क्रीम. ऑफिसच्या आधी-नंतर पाळणाघराची ने-आण तीच करायची, त्यामुळे चांदणी लावायचं कामही तिच्याकडेच. आपल्याला माय म्हटलं नाही म्हणून ती रोज पोरीचं कौतुक करायची आणि चांदणी चिकटवायची. हे आज लिहितानाही मला माझी लाज वाटते. तेव्हा वाटली नव्हती. तेव्हा मला पोरीच्या हुशारीचा अभिमान वाटत होता. महिनाभरात ती इतकी तयार झाली की लिफ्टमध्ये पाय टाकताना वाक्याच्या मध्येच बदलायची.

मग शाळा आली. शाळा म्हणजे फॉर्म, आणि फॉर्म म्हणजे माझी पोटापाण्याची विद्या. मी कस्टम्सचे कागद करते. कंटेनरमध्ये काय आहे यापेक्षा कागदावर काय लिहिलंय याला आमच्याकडे किंमत. एक ओळ चुकली तर माल आठवडाभर उन्हात पडून राहतो. प्रत्येक ओळीला पुरावा लागतो, आणि पुराव्यावर शिक्का. या कामात इतकी वर्षं घालवलेल्या माणसाला फॉर्म दिसला की तो सगळ्यात कमी प्रश्न येतील असा रकाना शोधतो. शाळेच्या फॉर्मवर ‘मुलाला न्यायला कोण येणार’ याखाली चौकोन होते. वडील, आई, ड्रायव्हर, नॅनी, आणि शेवटी ‘इतर, नातं लिहा’. माझ्या डोळ्यांपुढे लगेच पुढचं आलं. मावशी लिहिलं की नात्याचा पुरावा मागणार. माझ्या आईचं नाव आणि तिच्या आईचं नाव वेगळं, आडनावं वेगळी, जिल्हे वेगळे. खोटा कागद कुठून आणणार? मी नॅनीवर खूण केली. तिला विचारलं नाही. तिचा फोटो चिकटवला, सही केली आणि फॉर्म स्कॅन करून ऑनलाइन पाठवून दिला.

आठवड्याने कार्ड घरी आलं. पालकांचं आणि नातेवाइकांचं हिरवं असतं, ड्रायव्हर आणि नॅनी यांचं पिवळं. ती ओट्याशी उभी राहून कार्ड उलटसुलट बघत होती. पंधरा वर्षं ड्रॉइंग काढणारी बाई. तिने आखलेल्या ऑफिसांत लोक बसून काम करतात. पोरीला शाळेतून आणता यावं म्हणून तिने साहेबांशी भांडून दुपारनंतर घरून काम करायची परवानगी मिळवली होती, त्यापायी बढतीवर पाणी सोडलं होतं.

“फोटो तं बरा लावायचा होता,” ती म्हणाली.

मी समजावू लागले. पुरावा, प्रश्न, रिस्क. तिने ऐकून घेतलं. मग कार्ड गळ्यात घालून बघितलं, दोरी लांब होती म्हणून गाठ मारली.

पिवळ्या कार्डवाल्यांना गेटच्या आत सोडत नाहीत. त्यांच्यासाठी बाहेर भिंतीलगत एक शेड आहे. वर्गाचा कार्यक्रम, पालकसभा, चित्रांचं प्रदर्शन, यातलं काहीही असलं तरी ती शेडमध्ये. मला सुट्टी मिळाली तर मी जायची, नाही मिळाली तर पोरीचं कुणीच नाही. पहिल्या वर्षीच्या कार्यक्रमात पोर झाड झाली होती. झाडाचा पोशाख मायने तीन दिवस बसून शिवला. बघायला मी गेले, आणि मोबाइलवर काढलेला व्हिडिओ गाडीत तिला दाखवला. तिने तो चार वेळा बघितला. पानं नीट बसलीत, म्हणाली.

शेडमध्ये तिच्या ओळखी झाल्या. एक फिलिपिनो, एक श्रीलंकेची, दोघी इथिओपियाच्या. त्यांच्या पोरांचे फोटो ती मला दाखवायची. कुणाचा मुलगा गावी आजीकडे, कुणाची मुलगी बहिणीकडे. एकदा म्हणाली, “त्या मले विचारतात, तुझं लेकरू कुठे आहे.”

“मग तू काय सांगितलंस?”

“सांगितलं, नाही म्हणून.”

मी विषय बदलला. रात्रीच्या जेवणाला काय करायचं, असं काहीतरी विचारलं.

दीड वर्ष असं गेलं. मग एकदा माझी दुपारी अचानक सुट्टी झाली आणि दोघींना घ्यायला मी गाडी घेऊन शाळेवर गेले. लांब पार्किंगमध्ये होते. घंटा झाली, मुलं बाहेर पडली. प्रत्येक मूल शेडजवळ येऊन न बघता दप्तर पुढे करत होतं आणि पुढे चालू लागत होतं. मागून नॅनी दप्तर घेऊन. आमची पोर आली. तिनेही न बघता दप्तर पुढे केलं, पाण्याची बाटली दिली आणि मैत्रिणीशी बोलत पुढे निघाली. मागून माय, खांद्यावर गुलाबी दप्तर, एका हातात बाटली. पोरगी एकदा मागे वळून, इथे सगळे घाई करताना म्हणतात तसं म्हणाली, “यल्ला, फास्ट.”

गाडीत बसल्यावर मी पोरीवर ओरडले. ही काय पद्धत झाली, तिच्याशी असं बोलतात का?

पोर गोंधळली. “बट दॅट्स हाऊ एव्हरीवन डज इट,” ती म्हणाली. “आई, तूच सांगितलंस ना, बाहेर वेगळं बोलायचं.”

“जाऊ दे ना बाप्पा,” माय मागच्या सीटवरून म्हणाली. “लहान आहे.”

खरं तर ओरडा मी खायला हवा होता. पण स्वतःवर ओरडायची सोय नसते, त्यामुळे साडेपाच वर्षांच्या मुलीवर ओरडून घेतलं. कार्ड बदलून घ्यायचं असं मी त्या दिवशी मनाशी ठरवलं, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या कामात ते राहून गेलं. तिसऱ्या दिवशीही.

महिनाही झाला नव्हता. त्या दिवशी माझ्या एका शिपमेंटचं इन्स्पेक्शन निघालं होतं आणि मी यार्डात होते, फोन गाडीत. परत येऊन बघते तर सोळा मिस्ड कॉल. पाच शाळेचे, अकरा तिचे. मी आधी शाळेला लावला. पोर घसरगुंडीवरून पडली होती, हात सुजला होता, मोडला असावा. हॉस्पिटलला न्यायला हवं होतं, पण पालक आल्याशिवाय ते मुलीला सोडणार नव्हते. नर्स म्हणाली, न्यायला आलेली नॅनी गेटवर आहे, पण अशा बाबतीत नॅनीकडे मूल देता येत नाही, मॅडम.

त्या क्षणी मी काय म्हणायला हवं होतं ते मला ठाऊक आहे. निदान ती मावशी आहे, घरची आहे, चुकून लिहिलं गेलं, एवढं तरी. मी जे म्हणाले ते असं: “शी इज व्हेरी रिलायेबल. चार वर्षं आहे आमच्याकडे.”

चांगल्या बाईची शिफारस करावी तशी. नर्सने सॉरी म्हटलं. मग मी मायला फोन लावला. ती रडत नव्हती. फक्त म्हणाली, “मले आत सोडत नाहीत. तू ये लवकर.”

जबल अलीहून मला पाऊण तास लागला. गेटवर ती गार्डच्या खुर्चीशेजारी उभी होती, खुर्ची दिलेली असूनही बसलेली नव्हती. मी कार्ड दाखवून आत गेले. ती तिथेच राहिली.

पोर क्लिनिकच्या पलंगावर होती. हाताला तात्पुरती पट्टी, चेहरा रडून लाल. नर्स भली बाई होती. म्हणाली, खूप धीराची आहे हो तुमची मुलगी. एकसारखी नॅनी हवी, नॅनी हवी म्हणत होती. मी सांगितलं, मम्मी येते आहे बेटा, मम्मी. तरी नॅनीच.

मी पोरीला उचललं. तिने तोंड माझ्या कानाशी आणलं. मला वाटलं, दुखतंय असं सांगणार.

“आई,” ती कुजबुजली, “आय डिडन्ट से इट. खूप दुखत होतं तरी मी माय नाही म्हटलं.”

माझ्याकडून शाबासकी हवी होती तिला. चार भिंतींत रडताना, हात मोडलेला असताना, तिने हाक मारली ती मी फॉर्मवर खूण केलेल्या शब्दाने. तिने परत विचारलं, “आता म्हणू? मी इथून जोरात हाक मारते. ती येईल.”

दार उघडं होतं. कॉरिडॉरच्या टोकाला गेट दिसत होतं आणि गेटपाशी ती दिसत होती. तिला ऐकू गेलं असतं. मी मागे बघितलं. नर्स फाइल घेऊन उभी होती, रिसेप्शनवरची मुलगी आमच्याकडेच बघत होती.

“गाडीत,” मी म्हणाले. “गाडीत बसल्यावर म्हण हं.”

पोरीने मान हलवली. गाडीत ती मागच्या सीटवर मायच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली. नर्सने दुखण्यावरचं औषध पाजलं होतं. मी पार्किंगमधून गाडी बाहेर काढेपर्यंत तिला झोप लागली. आरशात मला माय दिसत होती, पोरीच्या केसांतली वाळू काढत होती.

हात सहा आठवड्यांत बरा झाला. पडल्यानंतर दोन दिवसांनी मी शाळेच्या रिसेप्शनवर गेले, मनात पुराव्यांची सगळी उत्तरं घोळवत. म्हटलं, कार्डवर नातं बदलायचंय, मावशी आहे ती, काय कागद लागतील? रिसेप्शनवरच्या मुलीने एक कोरा कागद पुढे केला. “दोन ओळी लिहून सही करा, मॅडम.” पुरावा? “नो नो, आईची सही पुरे.” दहा मिनिटांत हिरवं कार्ड हातात आलं. पुरावा शाळेने कधी मागितलाच नव्हता. तो फॉर्मवर नव्हता, माझ्या डोक्यात होता. दीड वर्ष ती शेडमध्ये उभी राहिली, कारण मी एक प्रश्न विचारला नव्हता.

हे मी मायला सांगितलं. ती म्हणाली, “चल, आता कार्यक्रम पाहाले मिळेल.” आणि खरंच पुढच्या कार्यक्रमाला ती पहिल्या रांगेत होती.

मुलगी आता नऊ वर्षांची आहे. फ्रिजवरचा तक्ता मी त्याच आठवड्यात फाडला होता आणि पोरीला बसवून सांगितलं होतं की घरात, गाडीत, बागेत कुणी नसताना हवं तेव्हा माय म्हण. तिने ऐकून घेतलं. पण त्यानंतर तिने ते म्हटलं नाही. मावशीही नाही. नॅनी तर नाहीच. ती तिला कशानेच हाक मारत नाही. “लिसन,” म्हणते, किंवा जवळ जाऊन बाही ओढते. लाड करून घेते, केस विंचरून घेते, भांडते, गळ्यात पडते. फक्त हाक नाही. मी एकदा खोदून विचारलं तर खांदे उडवून म्हणाली, “इट्स ओके, आई. असंच सोपं आहे.”

माय म्हणते, पोरगी मोठी झाली, या वयात असंच असतं. तिच्या आईला फोन लावताना अजूनही ती म्हणते, माय, जेवली का? तेव्हा आमची पोर खोलीतच कुठेतरी असते, आणि मी तिच्याकडे बघते. ती पुस्तकातून मान वर काढत नाही.

क्लिनिकमध्ये पोर नॅनीसाठी रडत होती, हे मी मायला सांगितलं आहे. त्यावर ती हसली होती. पण दार उघडं असताना पोरीने माय म्हणून हाक मारायची परवानगी मागितली होती आणि मी थांब म्हटलं, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.